वैनगंगा खोऱ्यातील पशुपालक समाज आणि ब्रिटिश राजवट : चराई, जंगल आणि नोंद

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द हे गाव आज वैनगंगा नदीवरील मोठ्या धरणामुळे सर्वपरिचित झाले आहे. इंदिरासागर या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या जमिनी या प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात गेल्या. स्वतंत्र भारतात उभ्या राहिलेल्या या धरणासाठी भूसंपादनाचा जो मूळ कायदा लागू होता तो मात्र १८९४ चा, म्हणजे ब्रिटिश राजवटीतील होता. या कायद्याने नुकसानभरपाईचा हिशेब जमिनीवरील हक्काच्या आधारे मांडला जात असे. ज्याच्या नावावर शेत किंवा घर आहे त्याचे नुकसान मोजता येत होते. नदीकाठचे गवताळ पट्टे, गावालगतची पडीक जमीन आणि झुडपी जंगल यांवर जनावरे चारून जगणाऱ्याचे नुकसान मोजण्याचे माप त्या कायद्यापाशी नव्हते.

असे माप का नव्हते, या प्रश्नाचे उत्तर धरणाच्या इतिहासात सापडत नाही. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावे लागते. १८५४ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्यानंतर वैनगंगा खोऱ्यात जमीन, जंगल आणि माणूस या तिन्हींची नव्याने मोजणी व नोंदणी झाली. या नोंदणीत जमीन कसणाऱ्याला आणि जमिनीचा सारा भरणाऱ्याला स्थान मिळाले. जमिनीवरून जाणारा आणि तिचा ठरावीक हंगामात वापर करणारा पशुपालक मात्र हक्कदार म्हणून नोंदला गेला नाही. त्याची नोंद झाली ती परवानाधारक, अतिक्रमण करणारा किंवा अमुक जातीचा इसम म्हणून. ब्रिटिश राजवटीने पशुपालकांच्या जीवनात घडविलेला सर्वांत खोल बदल हाच होय, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

ब्रिटिशपूर्व काळातील पशुपालन

महाराष्ट्रातील भटक्या पशुपालकांचा विचार करताना सामान्यतः पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगर डोळ्यांसमोर येतात. वैनगंगा खोऱ्याचे, विशेषतः झाडीपट्टीचे चित्र वेगळे आहे. हा प्रदेश धानाचा, तलाव-बोड्यांचा आणि जंगलांचा. येथे मेंढीपेक्षा गाय, बैल आणि म्हैस यांना अधिक महत्त्व होते. धानशेतीला चिखलणीसाठी बैल लागत. परंतु रोवणीपासून कापणीपर्यंत शेतात जनावरांना जागा नसे. त्यामुळे पावसाळ्यात व हिवाळ्याच्या आरंभी गावची ढोरे शेतापासून दूर ठेवणे ही शेतीचीच गरज होती. या गरजेतून पशुपालक व शेतकरी यांच्यात परस्परावलंबनाचे नाते तयार झाले.

या प्रदेशातील पशुपालक समाज एकसारखे नव्हते. ढोबळमानाने त्यांचे तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार पूर्णतः फिरस्त्यांचा. बंजारा समाजाचे तांडे छत्तीसगढातील धान्य बैलांच्या पाठीवर लादून नागपूरकडे आणीत आणि परतताना मीठ व इतर माल नेत. गोलर हे गुरे राखणारे फिरते लोक मूळचे दक्षिणेकडील होते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात गोलरी ही कानडीची एक बोली म्हणून नोंदली आहे. मराठी, हिंदी आणि गोंडी भाषकांच्या या मुलखात कानडीची बोली टिकून राहावी, हा पशुपालकांच्या दूर पल्ल्याच्या स्थलांतराचा बोलका पुरावा आहे. दुसरा प्रकार हंगामी स्थलांतर करणाऱ्यांचा. म्हशी व गायी बाळगणारे गवळी आणि चांदा भागातील मेंढपाळ कुरमार यांचा त्यात समावेश करता येईल. तिसरा प्रकार गावाशी बांधलेल्या गुराख्यांचा. यात गोवारी समाज प्रमुख होय. सकाळी आखरावर गावची ढोरे गोळा करायची, ती जंगलात नेऊन चारायची आणि दिवेलागणीला परत आणायची, हे ढोरक्याचे काम. त्याबद्दल त्याला शेतकऱ्यांकडून वर्षाकाठी धान्य मिळे. दिवाळीच्या पाडव्याला होणारे गायगोधन आणि गोवाऱ्यांचे ढालपूजन यांतून या नात्याला सणाचे रूप आलेले आजही दिसते.

हे तीन प्रकार एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळे नव्हते. दुष्काळ पडला, रोगाने जनावरे मेली किंवा लग्नसंबंध जुळले की एका प्रकारातील कुटुंब दुसऱ्या प्रकारात जात असे. कळप वाढला की लांबचे रान गाठायचे आणि घटला की गावची ढोरे राखायची, अशी ही लवचीक व्यवस्था होती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. भोसले राजवटीतही निरनिराळे कर होते, पाटलाची मर्जी सांभाळावी लागे आणि जातीच्या उतरंडीत गुराख्याचे स्थान खालचेच होते. तथापि, पडीक जमीन व जंगल यांचा वापर त्या काळी रूढीने ठरत असे आणि एकाच जागेवर निरनिराळ्या हंगामांत निरनिराळ्या लोकांचा हक्क असू शकतो, हे गृहीत धरलेले होते.

मालगुजारी बंदोबस्त आणि चराईची जमीन

२ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांताची निर्मिती झाली. १८६० च्या दशकात रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत या प्रांतातील जमीन महसुलाच्या दीर्घ मुदतीच्या बंदोबस्ताला वेग आला. मराठेशाहीत जे पाटील गावाचा महसूल गोळा करून भरीत, त्यांना या बंदोबस्ताने मालगुजार म्हणून मालकी हक्क दिला. महसूल वसूल करणारा मनुष्य गावाचा मालक ठरला, ही मध्य प्रांताच्या कृषी इतिहासातील मूलगामी घटना होय.

या घटनेचा पशुपालकांशी थेट संबंध आहे. बंदोबस्तात गावाची सीमा आखताना लागवडीखालील क्षेत्राच्या प्रमाणात काही पडीक जमीन व जंगल मालगुजाराच्या हद्दीत समाविष्ट केले गेले. त्यापेक्षा अधिक असलेली पडीक जमीन सरकारची ठरली आणि पुढे तीच शासकीय जंगलाचा पाया बनली. अशा रीतीने पूर्वी ज्या रानाला निश्चित मालक नव्हता त्याचे दोन भाग झाले. एक मालगुजाराचा, दुसरा सरकारचा. पशुपालकाच्या वाट्याला तिसरा भाग आला नाही.

गावकऱ्यांच्या रूढीगत हक्कांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात करण्यात येत असे. सरपण, घरबांधणीचे लाकूड आणि गुरचराई यांसंबंधीचे ‘निस्तार’ हक्क त्यात लिहिले जात. वरवर पाहता ही तरतूद उदार होती. मात्र ती गावातील रहिवाशांसाठी होती. वर्षातून दोन महिने गावाच्या रानात तळ देणारा गोलर किंवा वाटेत मुक्काम करणारा बंजारा कोणत्याच गावचा रहिवासी नव्हता. त्यामुळे कोणत्याच गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये त्याच्या वापराला हक्काचे रूप मिळण्यास वाव नव्हता. गावात राहणारा गोवारी निस्तारास पात्र होता, परंतु तो स्वतःची थोडी आणि इतरांची पुष्कळ जनावरे चारीत असे. ज्याची जनावरे त्याचा हक्क, असे ठरल्यावर गुराखी हा केवळ मजूर उरला.

वनकायदे आणि चराई शुल्क

मध्य प्रांतात वनखात्याची सुरुवात १८६० च्या सुमारास झाली. प्रारंभी या खात्याचे लक्ष साग, साल, बीजा अशा मौल्यवान वृक्षांवर होते. रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढत होती आणि बेसुमार तोडीमुळे जंगले विरळ होत होती. म्हणून जंगल राखण्याची गरज काल्पनिक नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु १८६५ च्या आणि त्याहून अधिक व्यापक अशा १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखण्याची जी पद्धत स्वीकारली तिच्यात जनावर हे मुळातच जंगलाचे शत्रू मानले गेले. १८७८ च्या कायद्यानंतर मध्य प्रांतातील सरकारी जंगले मोठ्या प्रमाणावर ‘राखीव’ म्हणून जाहीर झाली. राखीव जंगलात जे स्पष्टपणे परवानगी दिलेले नाही ते निषिद्ध, हे तत्त्व लागू झाले. पूर्वीचा वापर ही आता सवलत बनली. सवलत देणाऱ्याला ती काढूनही घेता येते.

चराईसाठी जनावरागणिक शुल्क आकारण्यात येऊ लागले. या शुल्काची रचना विशेष लक्षणीय आहे. शेतीच्या कामासाठी आवश्यक असलेल्या जनावरांना सवलतीचा दर होता, तर दूध-तूप विकण्यासाठी किंवा विक्रीकरिता गुरे पाळणाऱ्या व्यावसायिक पशुपालकांसाठी तो चढा होता. म्हशीचा दर गायीपेक्षा अधिक असे. शेळ्या-मेंढ्यांवर सर्वाधिक निर्बंध होते. या भेदाचे कारण महसुली होते. बैल नांगर ओढत होता आणि नांगर सारा भरत होता. गवळ्याच्या म्हशीपासून सरकारला असा सारा मिळत नव्हता. १८९४ च्या वनविषयक धोरणाच्या ठरावात जंगलांचे चार वर्ग करताना चराऊ कुरणांचा स्वतंत्र उल्लेख झाला आणि शेतीच्या गरजांना प्राधान्य देण्याचे तत्त्व मांडले गेले. तेथेही विचार शेतकऱ्याच्या जनावराचा होता. पशुपालन ही स्वतंत्र उपजीविका आहे, ही जाणीव त्यात नव्हती.

चराईबंदीची झळ केवळ मध्य प्रांतापुरती मर्यादित नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्याने डोंगर, दऱ्या व गायराने ताब्यात घेतल्यामुळे गरिबांच्या शेळ्या-मेंढरांना चरायला जागा उरली नाही, अशी तक्रार केली आहे. मुंबई इलाख्यात लिहिलेले हे निरीक्षण झाडीपट्टीलाही लागू पडते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. वैनगंगा खोऱ्यातील धानाचे पीक बुडाले आणि माणसांबरोबर जनावरांचीही हानी झाली. दुष्काळात सरकारने राखीव जंगले चराईसाठी खुली करण्याचे उपाय योजले. संकटकाळी हेच रान जनावरांना तारू शकते, हे शासनालाही ठाऊक होते, असा याचा अर्थ होतो. मात्र पशुपालकाची हंगामी भटकंती हीच दुष्काळावरील त्याची पूर्वापार तरतूद होती, आणि ती तरतूद आधीच्या तीन दशकांत कमकुवत करण्यात आली होती.

कोंडवाडा

पशुपालकाच्या दैनंदिन जीवनात ब्रिटिश सत्तेचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे कोंडवाडा. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यानुसार पिकात किंवा बंदी असलेल्या जागेत शिरलेले जनावर पकडून कोंडवाड्यात घालता येत असे. ते सोडविण्यासाठी दंड आणि खुराकीचा खर्च भरावा लागे. मुदतीत मालक आला नाही तर जनावराचा लिलाव होई. राखीव जंगलात शिरलेल्या जनावरांनाही हाच कायदा लागू करण्यात आला.

पिकाचे नुकसान आणि त्यावरून होणारे तंटे पूर्वीही होते. ते सामान्यतः पाटील आणि पंच यांच्यासमोर मिटत. शेतकऱ्याला पुढच्या वर्षीही ढोरकी हवा असे व ढोरक्याला धान्य. म्हणून तडजोडीला वाव राही. कोंडवाड्याने हे नाते बदलले. दंडाची रक्कम जनावरागणिक होती, त्यामुळे मोठा कळप असलेल्या पशुपालकावर तिचा बोजा सर्वाधिक पडे. फिरस्त्या कुटुंबापाशी रोख पैसा क्वचितच असे आणि मुदत संपेपर्यंत थांबणे म्हणजे पुढचा मुक्काम चुकणे होते. रान एका बाजूला राखीव आणि दुसऱ्या बाजूला नांगराखाली अशा स्थितीत दोहोंमधील अरुंद पांदणीतून कळप नेताना जनावर इकडेतिकडे शिरणे अपरिहार्य होते. कायद्याने त्या अपरिहार्यतेला अपराधाचे रूप दिले.

रेल्वे आणि बंजारांचे तांडे

१८६७ साली रेल्वे मुंबईहून नागपुरापर्यंत पोहोचली. नागपूरहून भंडारा जिल्ह्यामार्गे राजनांदगावकडे जाणारा नागपूर-छत्तीसगढ लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो पुढे रुंद मार्गात रूपांतरित केला आणि १८९१ पर्यंत तो आसनसोलपर्यंत जोडला गेला. ज्या धान्याची वाहतूक बंजारा बैलांच्या पाठीवर करीत, ते धान्य आता मालगाडीने जाऊ लागले.

या बदलाने बंजारांचा केवळ व्यवसाय गेला नाही. लदणीच्या बैलांमुळे त्यांना वाटेवरील रानात चराई आणि गावात मान होता. व्यापार संपल्यावर त्याच तांड्याचा वावर संशयास्पद वाटू लागला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा पायंडा घातला आणि १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश भारतात लागू करण्याचा मार्ग खुला केला. स्थिर पत्ता नसणे हेच संशयाचे कारण बनले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज ‘विमुक्त जाती’ या प्रवर्गात गणला जातो. हा शब्दच त्या इतिहासाची खूण आहे.

सर्वच पशुपालकांवर एकसारखा परिणाम झाला असे मात्र नाही. १८२१ साली स्थापन झालेल्या कामठीच्या लष्करी छावणीमुळे आणि वाढत्या नागपूर शहरामुळे दूध-तुपाला रोख बाजार मिळाला. शहरालगतच्या काही गवळी कुटुंबांना याचा लाभ झाला. परंतु हा लाभ स्थिर होऊ शकणाऱ्यांना मिळाला.

जनगणना आणि जातीची नोंद

जमीन आणि जंगल यांच्यानंतर माणसांची वर्गवारी झाली. मध्य प्रांतातील १९०१ च्या जनगणनेचे अधीक्षक आर. व्ही. रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात गोवारी ही मराठी मुलखातील गुराख्यांची जात असल्याचे नमूद असून १९११ मध्ये त्यांची संख्या दीड लाखांहून अधिक व त्यांपैकी सुमारे १ लाख २० हजार नागपूर विभागात असल्याचे म्हटले आहे. याच ग्रंथात गायगोवारी, इंगा आणि मारिया किंवा गोंडगोवारी असे त्यांचे तीन विभाग दिले आहेत.

ग्रंथकारांच्या दृष्टीने ते एक वांशिक टिपण होते. परंतु स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींच्या याद्या तयार झाल्या तेव्हा गोंड या मुख्य नोंदीखाली ‘गोंडगोवारी’ हे नाव आले आणि ‘गोवारी’ आले नाही. या एका शब्दाच्या फरकावर पुढील अनेक पिढ्यांचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहिली. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनकाळात नागपूर येथे निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. १९९५ मध्ये राज्य शासनाने या समाजाचा विशेष मागास प्रवर्गात समावेश केला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी समाजाच्या बाजूने निर्णय दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून गोवारी व गोंडगोवारी या दोन भिन्न नोंदी असल्याचे मानले. या न्यायालयीन वादात वसाहतकालीन जनगणना आणि रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ यांचा आधार वारंवार घेतला गेला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

एकेकाळी एकाच रानात जनावरे चारणारे समाज आज महाराष्ट्रात चार वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. बंजारा विमुक्त जातींत, धनगर भटक्या जमातींत, गवळी इतर मागासवर्गात आणि गोवारी विशेष मागास प्रवर्गात. त्यांच्यातील उपजीविकेचे साम्य या रकान्यांत कोठेही दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि गोसीखुर्द

१९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांची जंगले, तलाव व पडीक जमिनी शासनाकडे आल्या. मालक बदलला, नोंदीची रीत बदलली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या संज्ञा टिकून राहिल्या आणि त्यांतील चराईचा विचार आजही मुख्यतः गावातील शेतीच्या जनावरांभोवती फिरतो.

गोसीखुर्द धरणाच्या जलाशयाने नदीकाठचा चराऊ पट्टा व्यापला. २०१२ साली जलाशयालगतच्या जंगलात सुमारे १८९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. सिंचन आणि वन्यजीव संरक्षण या दोन्ही उद्दिष्टांचे सार्वजनिक मोल वादातीत आहे. प्रश्न असा आहे की, एका बाजूने पाणी व दुसऱ्या बाजूने अभयारण्याची हद्द आल्यावर मधल्या जागेत कळप घेऊन उभा असलेला मनुष्य शासनाच्या कोणत्या कागदावर आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात त्याला स्थान नव्हते. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने जमीन नसलेल्या परंतु उपजीविका गमावणाऱ्या कुटुंबांचा विचार केला. तोवर गोसीखुर्दच्या भूसंपादनाचा मोठा भाग पार पडला होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच भटक्या व पशुपालक समाजांचे चराईचे आणि हंगामी वापराचे हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केले. १८७८ पासूनच्या परंपरेला छेद देणारी ही तरतूद आहे. मात्र अनुसूचित जमातींत नसलेल्या समाजांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे त्या जंगलावर अवलंबून असल्याचे सिद्ध करावे लागते. येथे गोवारींचा आणि इतर पशुपालकांचा पुन्हा त्याच अडचणीशी सामना होतो. ज्या काळाचा पुरावा मागितला जातो त्याच काळात त्यांचा वापर हक्क म्हणून नोंदला गेला नव्हता.

निष्कर्ष

वैनगंगा खोऱ्यातील पशुपालकांची अवनती केवळ जंगल घटल्यामुळे किंवा रेल्वे आल्यामुळे झाली असे म्हणता येत नाही. लोकसंख्या व लागवड वाढत असताना चराऊ क्षेत्र काही प्रमाणात घटणारच होते. परंतु घटत्या क्षेत्राच्या वाटपात कोणाचा दावा ऐकला जाईल, हे बंदोबस्त, वनकायदा, कोंडवाडा आणि जनगणना यांनी ठरविले. मालकी आणि स्थिर वास्तव्य यांनाच हक्काचा पाया मानल्यामुळे वापर आणि भ्रमण यांवर उभी असलेली उपजीविका कायद्याच्या दृष्टीने अदृश्य झाली. परकीय राजवट गेल्यानंतरही ही दृष्टी कागदपत्रांतून पुढे चालत राहिली.

या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्षही आहे. वनहक्काच्या दाव्यांत वनखात्याचे चराई परवाने, शुल्काच्या पावत्या आणि कोंडवाड्याची दंडपुस्तके हाच पशुपालकांच्या जुन्या वापराचा लेखी पुरावा ठरू शकतो. ज्या कागदांनी त्यांना परवानाधारक आणि अपराधी ठरविले, तेच कागद ते त्या रानात होते हे सिद्ध करतात. २००६ च्या कायद्याच्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांची लेखी नोंदविलेली साक्षही पुरावा म्हणून मान्य केली आहे. तालुका व जिल्हा पातळीवरील जुनी दप्तरे जपणे आणि ज्या वृद्धांना जुन्या चराईच्या वाटा आठवतात त्यांच्या साक्षी लिहून घेणे, हे काम वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. त्या वाटांपैकी काही पाण्याखाली गेल्या आहेत आणि त्या आठवणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे.